होर्डिंगवर लिहिलेले उत्तर

१९७९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर फियाट कंपनीच्या १२७ पालिओ या छोट्या मोटारीची जाहिरात झळकत होती. भल्यामोठ्या फलकावर मोटारीचे चित्र आणि सोबत एक ओळ: ही गाडी बाई असती, तर कुणीतरी तिच्या पार्श्वभागाला चिमटा काढला असता. त्यातल्या एका फलकावर कुणीतरी रंगाच्या स्प्रेने त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली: ही बाई गाडी असती, तर तिने तुम्हाला चिरडले असते. नाटककार आणि छायाचित्रकार जिल पोझनर यांनी त्या फलकाचे छायाचित्र टिपले, त्याची पोस्टकार्डे निघाली, आणि ब्रिटनमधल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या आठवणीत जी थोडी चित्रे कायमची बसली त्यांत या चित्राला जागा मिळाली. मोटार विकली गेली, मॉडेल बंद पडले, जाहिरात लिहिणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. त्या ओळीला दिलेले उत्तर मात्र आजही छापले जाते.

या प्रसंगातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. जाहिरातीच्या चित्रात बाई नव्हतीच. उघडे अंग नव्हते, चाळवणारी मुद्रा नव्हती. अश्लीलतेचा कायदा लावायचा म्हटला तरी तो लावणार कशाला? आक्षेपार्ह होते ते एक गृहीतक: रस्त्याने चाललेल्या देखण्या बाईला चिमटा काढला जाणारच, आणि ती तिच्या रूपाला मिळालेली पावतीच होय. हे गृहीतक इतक्या सहजपणे मांडले होते की आपण एक मत वाचतो आहोत हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये. खालच्या ओळीने ते उघड्यावर आणले. वाक्याची घडण तीच, शब्द जवळपास तेच, फक्त बाई कर्त्याच्या जागी आली. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीसेक वर्षे लॉस एंजेलिस, लंडन, न्यूयॉर्क, सिडनी या शहरांत स्त्रियांनी जाहिरातींवर जे हल्ले चढवले, त्यांची खरी कामगिरी माझ्या मते हीच आहे. जाहिरातीतल्या बाईचा प्रश्न त्यांनी अश्लीलतेच्या खात्यातून काढला आणि अवमानाच्या खात्यात नेऊन मांडला. आज हा फरक सरळ वाटतो. तेव्हा त्याला कायद्यात जागा नव्हती आणि जाहिरातधंद्याच्या नियमावलीतही नव्हती.

ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी, १९६२ मध्ये स्थापन झाली. तिचा खर्च जाहिरातउद्योगच उचलत असे, आणि तिची कसोटी चार शब्दांची होती: जाहिरात कायदेशीर, सभ्य, प्रामाणिक आणि सत्य असावी. स्त्रियांच्या तक्रारीला या चारांपैकी एकच दार उघडे होते, सभ्यतेचे. म्हणजे तक्रार करणारीने ‘हे चित्र पाहून मला लाज वाटली’ असे म्हणायचे. ‘हे चित्र माझ्याबद्दल खोटे आणि घातक बोलते आहे’ असे म्हणण्याची सोय नव्हती. १९७५ मध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला, पण जाहिरातींपुरता त्याचा रोख नोकऱ्यांच्या आणि तत्सम जाहिरातींवर होता. ‘फक्त पुरुषांनीच अर्ज करावेत’ असे छापणे आता बेकायदा ठरले. बाईचा रस्त्यात होणारा विनयभंग विनोद म्हणून वापरणारी जाहिरात मात्र कायद्याच्या दृष्टीने निर्दोष राहिली. या अडचणीवरचा पहिला उपाय अगदी साधा होता. अमेरिकेत ‘ही जाहिरात स्त्रियांचा अपमान करते’ असे छापलेले स्टिकर निघाले, लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यांशेजारच्या जाहिरातींवर तशाच अर्थाची लेबले चिकटू लागली. चार बोटांचे लेबल, पण त्यावरचे क्रियापद नेमके होते. ही जाहिरात घाणेरडी आहे असे ते म्हणत नव्हते. ती अपमान करते असे म्हणत होते.

लेबलावरून रंगाच्या डब्याकडे जाणारी वाट लॉस एंजेलिसमधून गेली, आणि तिथली हकिकत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण रंगाने काय साधते आणि काय साधत नाही हे दोन्ही तिच्यात दिसते. जून १९७६ मध्ये सनसेट बुलेव्हार्ड या झगमगत्या रस्त्यावर रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘ब्लॅक अँड ब्ल्यू’ या नव्या अल्बमचा प्रचंड फलक उभा राहिला. त्यावर दोरांनी बांधलेली एक तरुणी होती, कपडे फाटलेले, पायांवर मारहाणीचे वळ, आणि चेहऱ्यावर सुखावल्याचा भाव. मजकूर तिच्याच तोंडी होता: रोलिंग स्टोन्सनी मला काळीनिळी केली, आणि मला ते फार आवडते. अल्बमच्या नावाचा अर्थच मुका मार लागून पडलेले काळेनिळे वळ असा, त्यावर साधलेली ही कोटी. ‘विमेन अगेन्स्ट व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन’ ही संघटना शहरात नुकतीच उभी राहत होती. बायकांच्या हत्येचे चित्रण खरे असल्याचा देखावा करून विकल्या गेलेल्या ‘स्नफ’ या चित्रपटाविरुद्ध निदर्शने करताना त्या स्त्रिया एकत्र आल्या होत्या. त्यांच्यातल्या पाच जणी लाल रंग घेऊन फलकावर चढल्या आणि त्यांनी लिहिले: हा स्त्रियांविरुद्धचा गुन्हा आहे. शेजारी स्त्रीचिन्ह काढले. निषेध, पत्रकार, छायाचित्रे असा गाजावाजा झाला आणि अल्बम काढणाऱ्या अटलांटिक रेकॉर्ड्सने फलक उतरवला.

त्या पाच जणींनी निवडलेला शब्द पाहण्यासारखा आहे. बाईचे उघडे पाय झाकायला हवेत असे त्यांना म्हणायचे असते तर रंग पायांवर ओतून काम झाले असते. त्यांचा आक्षेप वळांवर होता, आणि त्याहून जास्त ‘मला आवडते’ या शब्दांवर. नवऱ्याने मारले की बाईला त्यातही सुख मिळते, ही समजूत तेव्हा अमेरिकेतल्या पोलीस चौक्यांमध्ये आणि न्यायालयांमध्ये बायकांच्या तक्रारी उडवून लावत होती. मार खाल्लेल्या बायकांसाठीची पहिली निवारागृहे त्याच दशकात उघडत होती. मारहाण झालेली बाई तिथे येऊन जे सांगत होती, त्याच्या नेमके उलटे हा फलक तिच्याच तोंडी घालत होता. म्हणून लाल अक्षरांनी लिहिलेले ते वाक्य मला साक्षीसारखे वाटते. जिची साक्ष बदलून टाकली, तिच्या वतीने ती पुन्हा नोंदवली गेली.

पण फलक उतरल्याने संघटनेचे समाधान झाले नाही, आणि इथेच तिचे शहाणपण दिसते. एक फलक गेला की दुसरा येतो, हे तिला कळत होते. डिसेंबर १९७६ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’च्या शाखेसोबत वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या तिन्ही रेकॉर्ड कंपन्यांवर, म्हणजे वॉर्नर, इलेक्ट्रा आणि अटलांटिक यांच्यावर, बहिष्कार पुकारला. अल्बमच्या वेष्टनांवरची चित्रे स्लाइड-शोमधून गावोगावी दाखवली, दुकानांपुढे पत्रके वाटली, ग्राहकांकडून कंपनीला पत्रे लिहवली. तीन वर्षे हे चिकाटीने चालले, आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने वेष्टनांवर आणि जाहिरातींत स्त्रियांवरील हिंसेची चित्रे वापरायची नाहीत असे धोरण जाहीर केले. या साऱ्या काळात संघटनेने सरकारकडे बंदीची मागणी केली नाही. पोलिसांच्या किंवा सेन्सॉरच्या हाती ही कात्री द्यायची नाही, जे करायचे ते ग्राहक म्हणून आणि नागरिक म्हणून, अशी तिची भूमिका होती. फलकावरच्या लाल रंगाने प्रश्न शब्दांत मांडला आणि बहिष्काराने तो कंपनीच्या हिशेबाच्या वहीत नेला. पहिल्याशिवाय दुसरे सुरूच झाले नसते, आणि दुसऱ्याशिवाय पहिले वर्तमानपत्रातल्या एका दिवसाच्या बातमीवर संपले असते.

लंडनमध्ये बहिष्काराची अशी यंत्रणा उभी राहिली नाही. तिथल्या बायकांचे बळ भाषेत होते. व्होल्व्होच्या एका जाहिरातीत नव्या मोटारीचे आगमन बारशाच्या थाटात जाहीर केले होते: व्होल्व्होला पुत्ररत्न. त्याखाली स्प्रेने उमटले: असो, पुढच्या खेपेला बघू. मुलगी झाली की घरोघर जे सांत्वन ऐकू येते तेच मुलाच्या जन्मावर उलटवलेले. हे समजायला मराठी वाचकाला कोणत्याही टिपेची गरज नाही. एका गाद्यांच्या कंपनीने ‘तुमच्या रात्री आम्ही सुधारू’ अशी ग्वाही दिली होती. तिथे कुणीतरी लेस्बियन स्त्रियांच्या संघटनेत सामील होण्याचे आमंत्रण लिहून ठेवले. फियाटचा फलक धरून या तिन्ही उदाहरणांत मूळ ओळ खोडलेली नाही हे महत्त्वाचे आहे. ती वाचता आल्याशिवाय उत्तर कळत नाही. फलक फाडला की रस्त्यावर फक्त फाटका कागद उरतो आणि काय म्हटले होते तेही जाते. खाली उत्तर लिहिले की मूळ विधान वादातले एक विधान होऊन उभे राहते. जाहिरातीची सारी ताकद ती एकटीच बोलते यात असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती ऐकावी लागते, परत बोलता येत नाही. पैसे मोजून विकत घेतलेल्या या एकतर्फी बोलण्यात त्या ओळींनी दुसरा आवाज घातला.

या लिखाणाचे आयुष्य दोनचार दिवसांचे असे. फलकवाले येत, नवा कागद चिकटवून जात. ते टिकले पोझनर यांच्या कॅमेऱ्यामुळे. १९८२ मध्ये त्यांचे ‘स्प्रे इट लाउड’ हे छायाचित्रांचे पुस्तक आले, पोस्टकार्डे तर स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानांतून देशभर गेली होती. एका चौकातल्या शेपाचशे लोकांपुढे झालेला वाद लाखोंपर्यंत गेला तो असा. ‘कल्चर जॅमिंग’ हे नाव या उद्योगाला नंतर मिळाले: नेगेटिव्हलँड या कॅलिफोर्नियातल्या संगीत-गटाने ते १९८४ मध्ये वापरले, मार्क डेरी या लेखकाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. या प्रकाराचा इतिहास सांगताना बहुधा कॅलिफोर्नियातले कलावंत आणि व्हँकूवरचे ‘ॲडबस्टर्स’ मासिक यांच्यापासून सुरुवात होते. ‘ॲडबस्टर्स’ १९८९ मध्ये निघाले. त्याच्या दहा वर्षे आधी फियाटच्या फलकावर जे लिहिले गेले ते या परंपरेतले आरंभीचे आणि, माझ्या मते, सर्वांत नेमके काम आहे. त्यावर सही नव्हती म्हणून त्याला आद्यत्वाचा मान नाकारणे योग्य नाही.

न्यूयॉर्कमधला १९८९ चा एक प्रसंग माझ्या मुद्द्याला दुसऱ्या बाजूने आधार देतो. गोरिलाचे मुखवटे घालून वावरणाऱ्या ‘गरिला गर्ल्स’ या कलावंत स्त्रियांनी मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन मोजणी केली. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-चित्रकार पाच टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत स्त्रिया पंच्याऐंशी टक्के. त्यांनी जाहिरातीच्या धाटणीचा फलक रचला: आंग्र या फ्रेंच चित्रकाराची पाठमोरी पहुडलेली प्रसिद्ध नग्ना, तिच्या डोक्यावर गोरिलाचा मुखवटा, आणि प्रश्न: मेट म्युझियममध्ये शिरायला बाईला नागवे व्हावे लागते का? ज्या संस्थेने फलक मागवला होता तिने तो नाकारला. मग त्यांनी स्वतःच्या पैशांनी शहरातल्या बसेसवर जागा भाड्याने घेतली. काही काळाने बस कंपनीने करार रद्द केला, कारण त्या नग्नेच्या हातातला पंखा फारच सूचक दिसतो. आंग्रचे मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सन्मानाने टांगलेले आहे. त्या चित्रावर प्रश्न विचारला तेव्हा मात्र ते असभ्य ठरले. सभ्यतेची कसोटी हाती घेतली की ती कुणावर चालते, हे यातून पुरेसे दिसते.

आता मालमत्तेचा आक्षेप. फलक दुसऱ्याचा, जागेचे भाडे त्याने भरलेले, मग त्यावर लिहिणे म्हणजे नासधूसच नव्हे काय? कायद्याने ती नासधूस आहे, आणि लिहिणाऱ्यांनाही ते मान्य होते. सिडनीत १९७९ पासून बूगा-अप नावाचा गट तंबाखू आणि दारूच्या फलकांवरचा मजकूर बदलत असे आणि खाली आपले नाव लिहीत असे. त्यात डॉक्टरही होते. आर्थर चेस्टरफिल्ड-इव्हान्स या शल्यचिकित्सकाने त्यासाठी अटक पत्करली. शिक्षा होऊ शकते हे माहीत असून उघडपणे नियम मोडणे हा सविनय कायदेभंग आहे, आणि तो काय असतो हे आपल्याला बाहेरून शिकावे लागत नाही. त्याच शहरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लेई या अंतर्वस्त्रांच्या कंपनीचा फलक लागला. जादूच्या प्रयोगात कापावी तशी करवतीने दोन तुकडे केलेली, अंतर्वस्त्रांतली हसरी बाई, आणि शब्द: बर्लेईमध्ये तुम्हाला नेहमीच छान वाटेल. चार स्त्रियांनी पुढे जोडले: अंगाचे तुकडे झाले तरीही. त्यांच्यावर खटला झाला. मॅजिस्ट्रेट होत्या पॅट ओशेन, ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी समाजातून त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या व्यक्ती. त्यांनी चौघींना शिक्षा न करता सोडले, आणि खरा गुन्हा म्हणजे अशी जाहिरात उभी करणे, असे मत नोंदवले. त्यावर वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला.

ओशेन यांच्यावर टीका करणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. न्यायाधीशाला ज्याचे मत पटते त्याला रंगाचा डबा माफ, असा नियम झाला तर उद्या गर्भपात-केंद्राच्या पाटीवर लिहिणाराही तीच सवलत मागेल. मला या आक्षेपाचे पूर्ण समाधान देता येत नाही, आणि देण्याची गरजही वाटत नाही. न्यायालयाने अशा लिखाणाला कायदेशीर हक्क मानावे असे मी म्हणत नाही. दंड व्हावा, तो भरला जावा. पण रस्ता सर्वांचा असतो आणि त्यावरची दृष्टी भाड्याने दिली जाते, तेव्हा त्या भाड्यात ज्यांचा वाटा नाही त्यांनी ऐकायचे तरी किती, हा प्रश्न दंडाने मिटत नाही. मालमत्तेचा युक्तिवाद फलकाच्या लाकडापुरता आणि कागदापुरता खरा आहे. फलकाचा मजकूर मात्र कागदावर थांबत नाही, तो वाचणाऱ्याच्या डोक्यात जाण्यासाठीच लावलेला असतो, आणि तिथे जाहिरातदाराची मालकी चालत नाही.

याहून गंभीर आक्षेप नैतिक पोलिसगिरीचा आहे. आज फलकावर लिहिणारी बाई आणि उद्या चित्रपटगृहाच्या काचा फोडणारा जमाव, यांत अंतर ते किती? हा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण इतिहासात हे अंतर पुसले गेल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संघटनेनंतर चळवळीचा एक मोठा भाग पोर्नोग्राफीविरोधी कायद्यांकडे वळला. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन या स्त्रीवाद्यांनी रचलेला वटहुकूम इंडियानापोलिसने १९८४ मध्ये संमत केला, फेडरल न्यायालयांनी तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून रद्द केला. कॅनडात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये स्त्रीची मानहानी हा निकष अश्लीलतेच्या कायद्यात आणला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच टोरोंटोतल्या समलिंगी ग्राहकांच्या एका पुस्तकदुकानावर कारवाई झाली ती लेस्बियन स्त्रियांनी लेस्बियन स्त्रियांसाठी काढलेल्या मासिकावरून. अवमानाचा निकष अश्लीलतेच्या कायद्यावर कलम करायला गेले की वाढते ते जुनेच झाड.

भारतात हे अधिक ठळकपणे घडले. १९८०च्या दशकात इथल्या स्त्री-संघटनांनी मोठ्या शहरांत सिनेमाच्या पोस्टरांना आणि जाहिरातींना काळे फासले. त्या दबावातून १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणाला प्रतिबंध करणारा कायदा आला. त्याच्या व्याख्येत स्त्रीचा अवमान करणारे आणि सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवणारे चित्रण एकाच वाक्यात कोंबलेले आहे, जणू दोन्ही एकच. पुढे काय झाले ते मुंबईकरांना आठवत असेल. १९९५ मध्ये टफ बुटांच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधू सप्रे हे मॉडेल फक्त बूट आणि अंगाभोवती अजगर अशा अवस्थेत दिसले, आणि मुंबईत खटला दाखल झाला. तो चौदा वर्षे चालून २००९ मध्ये निर्दोष सुटकेवर संपला. दोन सज्ञान माणसे समान उघडी होती; बाईला पुरुषाहून खाली बसवणारे त्या चित्रात काही नव्हते. त्याच वर्षांत गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती घराघरांत दिसत होत्या, आणि त्यांतली मुलगी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. मुलगा असता तर, असा सुस्कारा टाकणारा बाप, आणि क्रीम लावून गोरी झाल्यावर हवाईसुंदरीची नोकरी मिळवणारी मुलगी. या जाहिरातीविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने मोहीम चालवली तेव्हा कुठे २००३ मध्ये ती मागे घेतली गेली. बंगळुरूला १९९६ च्या मिस वर्ल्ड स्पर्धेच्या वेळी स्त्रीवादी संघटना आणि संस्कृतीच्या नावाने आलेल्या संघटना एकाच रस्त्यावर निदर्शने करत होत्या. अखेर पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवली गेली, आणि बाकी स्पर्धा, बायकांना गुण देऊन क्रम लावण्याचा सगळा खटाटोप, ठरल्याप्रमाणे पार पडला. ज्यांचा आक्षेप कपड्यांवर होता त्यांना काहीतरी मिळाले. ज्यांचा आक्षेप मोजमापावर होता त्यांना काहीच मिळाले नाही.

म्हणून काळे फासणे आणि उत्तर लिहिणे यांतला फरक मला केवळ तंत्राचा वाटत नाही. काळे फासले की चित्र झाकले जाते, आणि झाकणाऱ्याचे कारण काय होते ते पाहणाऱ्याला कळत नाही. लाज वाटली म्हणून फासले की राग आला म्हणून, हे डांबर सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ते कुणालाही वापरता येते. फियाटच्या फलकाखालची ओळ संस्कृतिरक्षकाला वापरता येणार नाही. ती वाचली की लिहिणारी कोणाच्या बाजूची आहे ते समजतेच. तिला कारण द्यावे लागले, आणि कारण देणे हीच तिची मर्यादा आणि तिचे बळ.

राहिला आक्षेप निष्फळतेचा. जाहिरातउद्योग काहीही गिळतो, बंडाची भाषाही. दोन वर्षांनी तेच बंड साबणाच्या वेष्टनावर दिसते. यात तथ्य आहे. डव्हने २००४ मध्ये ‘खऱ्या सौंदर्याची’ मोहीम सुरू केली, आणि डव्हची मालक असलेली युनिलिव्हर त्याच काळात आशियात गोरेपणाची क्रीम आणि पाश्चात्त्य देशांत बायकांचे थवे पुरुषामागे धावताना दाखवणारा सुगंधी फवारा विकत होती. पण उद्योग काय गिळू शकतो आणि काय नाही, हेही पाहावे. मोठ्या देहाची, सावळ्या रंगाची बाई दाखवणे तो शिकला, कारण ते चित्र आहे. १९९३ मध्ये ‘बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन’ने बोलक्या बार्बी आणि जी. आय. जो या सैनिक-बाहुल्या दुकानांतून विकत घेऊन त्यांच्या आवाजाच्या पेट्या अदलाबदल केल्या आणि बाहुल्या परत फळीवर ठेवल्या. सैनिक लग्नाचे बेत आखू लागला, बार्बी सूडाची गर्जना करू लागली. चित्र तेच, वेष्टन तेच. उघडे पडले ते कोणी काय बोलायचे याचे वाटप. आदल्या वर्षी बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने त्याच बार्बीच्या तोंडी गणिताचा तास अवघड असतो असे वाक्य घातले होते आणि टीकेनंतर ते काढले होते. वाक्य काढणे कंपनीला जमले. वाटपावरचा प्रश्न तिला साबणासारखा विकता आला नाही.

२०१५ च्या वसंतात लंडनच्या भुयारी रेल्वेत प्रोटीन वर्ल्ड या कंपनीने बिकिनीतल्या मॉडेलचे पिवळे पोस्टर लावले: समुद्रकिनाऱ्यासाठी तुमचे शरीर तयार आहे का? प्रवाशांनी त्यावर पेनांनी उत्तरे लिहिली, माझे शरीर आधीच तयार आहे अशा अर्थाची, आणि आता छायाचित्र टिपायला पोझनरांची गरज नव्हती, प्रत्येकीच्या हातात फोन होता. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे ३७८ तक्रारी आल्या. तिने जुन्या कसोटीने पाहिले आणि जाहिरात आक्षेपार्ह नाही असा निकाल दिला. सभ्यतेच्या मापाने तो चुकीचा नव्हताच. बिकिनी हा काही गुन्हा नाही. पण ती कसोटीच अपुरी आहे हे आता संस्थेलाही टाळता येईना. तिने अभ्यास हाती घेतला, २०१७ मध्ये अहवाल दिला, आणि जून २०१९ पासून नवा नियम लागू झाला: स्त्रीपुरुषांच्या भूमिकांबद्दल घातक साचे पसरवणारी जाहिरात चालणार नाही. भिंतीवरच्या लिखाणातून थेट या नियमापर्यंत सरळ रेघ ओढणे अप्रामाणिक होईल. मध्ये चाळीस वर्षांचे संशोधन, संसदीय दबाव आणि बदललेले कामाचे जग आहे. पण नियमाचा पहिला वापर कुठे झाला ते बोलके आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन जाहिराती बंद झाल्या. चीजच्या जाहिरातीत दोन बाप खाण्याच्या नादात तान्ह्या बाळांना सरकत्या पट्ट्यावर विसरतात. फोक्सवॅगनच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या जाहिरातीत पुरुष अंतराळात तरंगतात, उड्या मारतात, आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर शांत बसलेली असते. दोन्हींत कुणाचे अंग उघडे नव्हते. एकीत तर अपमान पुरुषांचा होता. जाहिरातदारांनी हे अतिरेकी म्हणून तक्रार केली, आणि त्या निकालांवर वाद झाला. भारतात मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२२ मध्ये जवळपास त्याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तर १९८६ च्या कायद्यात असभ्यता आणि अवमान अजून एकाच वाक्यात आहेत.